कॉन्टेसाला खालून बॉक्स पाइप जोडायचाय, मदत हवी आहे

मंडळी, जालन्यात घरच्या शेडमध्ये वडिलांची कॉन्टेसा कार दुरुस्त करतोय. हिला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते. जॅक लावला की बॉडी वाकते आणि मागचं दार अडकतं. म्हणून बॉडीखालचे पुढचे-मागचे रेल (भार घेणारे लांब बीम) जोडायला दोन्ही बाजूंनी ३ एमएमचा बॉक्स पाइप वेल्ड करायचाय. लोखंडाला जालन्यात काय तोटा!

वजन चाकांवर असतानाच जोडायचं, हे पक्कं. नाहीतर वाकडेपणा तसाच कायम होतो. पण मग खाली शिरायचं कसं? चारही चाकं रॅम्पवर घ्यावीत का? आमचा गेट-ग्रिलवाला आर्कनेच (साध्या काडीच्या वेल्डिंगने) करू म्हणतोय. फ्लोअरचा पत्रा पातळ, भोकं पडतील अशी धास्ती वाटते. मिगवालाच (तार आणि गॅसचं वेल्डिंग करणारा) शोधू का? संभाजीनगरजवळच्या वाळूजकडे असं काम करणारं कुणी माहितीय? पेट्रोलची टाकी आणि पाइप आधी काढणारच आहे.