क्लिंगॉन बोलायला नुसतं व्याकरण पुरतं का?

खानापूरकर
भाषातज्ज्ञ मार्क ओक्रँड यांनी ‘स्टार ट्रेक’ या अंतराळकथांमधल्या क्लिंगॉन लोकांसाठी रचलेली क्लिंगॉन भाषा आपल्या भागातली काही पोरं शिकतायत, याचा फार आनंद आहे. पण प्रत्ययांचे तक्ते पाठ झाले की भाषा आली, हे मला पटत नाही. क्लिंगॉन वाक्याचा क्रम कर्म, क्रियापद, कर्ता असा. ‘पुक लेघ होद’ म्हणजे कप्तान मुलाला पाहतो. ‘होद लेघ पुक’ म्हटलं की मूल कप्तानाला पाहतं. कर्ता-कर्म ओळखायला आपल्यासारखा ‘ला’ तिथे नाही. हे तक्त्यातून कळतं. मात्र मनात मराठी वाक्य जुळवून त्याचे तुकडे उलटे लावले, तर नियमात बसूनही ते परकंच वाटतं.

टिळकवाडी
दादा, परकं कुणाला वाटतं? पुण्याचा माणूस आमच्या ‘काय करायलायस?’ला चूक म्हणाला, तर ‘आमच्याकडं असंच बोलतात’ असं ठणकावता येतं, कारण मागे अख्खा बेळगाव-निपाणी पट्टा उभा आहे. क्लिंगॉनच्या मागे कुठलं गाव आहे? तिथे नियम हाच एक आधार.

निपाणीची लेक
मग ‘नदेव त्लिंगनपू तुलु’ घ्या, म्हणजे ‘इथे क्लिंगॉन आहेत’. अनेकवचन आहे, नियमाने ‘लुतुलु’ हवं. पण ओक्रँड यांच्या १९८५ च्या शब्दकोशातल्या तयार वाक्यातच नुसतं ‘तुलु’ आहे! नियमाला चिकटून राहणाराच इथे अवघडल्यासारखा बोलतो.

टिळकवाडी
ताई, तो अपवादसुद्धा ओक्रँड यांनीच दिला. वहिवाट बघायची तर सांगलीजवळचं कुपवाड बघा. गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी तिथल्या बोलण्यावर १९७१ मध्ये लिहिलंय. मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिली. शब्द ज्याचे त्याचे राहिले, वाक्यांची घडण जवळजवळ एक झाली. कुणी ठरवून केलं नाही. असं क्लिंगॉनमध्ये कधी झालंय?

खानापूरकर
पिढ्या नाहीत, मान्य. पण कुपवाडनं दाखवलं ते हेच, की वाक्याची घडण बोलणारे ठरवतात. १९९२ मध्ये क्लिंगॉन भाषा संस्था निघाली. तेव्हापासून लोक या भाषेत लिहितायत, एकमेकांची वाक्यं तपासतायत. नवे शब्द ओक्रँड यांच्याकडूनच घेतात, तो मान त्यांचाच. तरी चार बरोबर वाक्यांतलं कुठलं चटकन कळतं, ते वाचणारेच सांगतात. म्हणून नवशिक्यानं आधी शब्दकोशातली तयार वाक्यं तोंडात बसवावीत, तक्ते मागाहून.

निपाणीची लेक
मीही तेच करते. शिवाय क्लिंगॉनमध्ये काळ दाखवणारा प्रत्ययच नाही, क्रिया पुरी झाली की चालू आहे एवढंच कळतं. आपण सवयीनं प्रत्येक ‘होता’ला ‘पु’ हा क्रिया पुरी झाल्याचा प्रत्यय चिकटवतो. तयार वाक्यं वाचल्याशिवाय ही खोड जात नाही.

टिळकवाडी
‘पु’ची गोष्ट नियमाचीच आहे, ती चूक खुशाल दाखवा. बाकीच्याला ‘खटकतं’ म्हणा, चूक म्हणू नका. आपल्या बोलीला आयुष्यभर अशुद्ध ऐकून घ्यावं लागलंय. नियमात बसलेलं वाक्य लिहिणाऱ्या पोराच्या वहीवर लाल रेघ ओढलेली मला चालणार नाही.