प्रति: तारीख एक दिवस मागे का जाते?

जीडब्ल्यूटीत (जावात लिहिलेला कोड ब्राउझरसाठी जावास्क्रिप्टमध्ये बदलणारं टूल) ब्राउझरमधून सर्व्हरला पाठवलेली तारीख एक दिवस मागे जाते, त्यावर वर सुचवलंय की तारखेत साडेपाच तास मिळवा, म्हणजे ती मागे जाणार नाही. दादा, तेवढं करू नका.

लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडतीसाठी जीडब्ल्यूटीत हिशेबपट्टी केली तेव्हा मी हेच केलं होतं. शेतकऱ्यानं १ जुलैला सोयाबीन घातलं, पट्टीवर ३० जून! आपली मध्यरात्र म्हणजे यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) आदल्या दिवसाचे १८:३०, आणि सर्व्हर यूटीसीवर. साडेपाच तास मिळवल्यावर पट्टी सुधारली, पण काट्यावरच्या वजनाची वेळ सकाळी ११ ऐवजी दुपारी साडेचार दिसू लागली. शेतकरी तर १२ लाच गावाकडं निघून गेलेला.

नुसता दिवस हवा असेल तर डेट ऑब्जेक्ट पाठवूच नका, त्यात वेळही असते. डेटटाइमफॉरमॅटनं (तारीख ठरावीक पॅटर्नमध्ये लिहून देणारा क्लास) '२०२४-०७-०१' अशी स्ट्रिंग, म्हणजे साधा मजकूर, करून पाठवा. पॅटर्नमध्ये महिन्याचा एम मोठा, मिनिटांचा छोटा. इथं हमखास चूक होते.

जावाचा कॅलेंडर क्लास जीडब्ल्यूटीत मिळत नाही, म्हणून तारखांची बेरीज-वजाबाकी करायला जीडब्ल्यूटीचाच कॅलेंडरयुटिल वापरावा लागतो. चांगला आहे, पण त्याचं अ‍ॅडडेजटूडेट काही परत देत नाही, दिलेली तारीखच बदलतं. उधारीची मुदत काढायला ३० दिवस मिळवले आणि मूळ विक्रीची तारीखच महिनाभर पुढं गेली, असं माझ्याकडं झालंय. आधी कॉपीडेट करा, मग मिळवा.

डेट क्लासचं गेटइयर १९०० वजा करून वर्ष देतं आणि गेटमंथ ० पासून मोजतं, हेही एखाद्या युटिलिटी क्लासमध्ये (सगळीकडं लागणारी छोटी कामं ठेवायचा क्लास) एकाच जागी बांधून टाका.