उजेड पडताच लॅम्डा (जिवाणूंवरच्या एका विषाणूचा) डीएनए तुटतो, त्याबद्दल
सांगलीच्या प्रयोगशाळेतला प्रश्न असा की, डीएनए दुरुस्तीतलं रॅड५१ प्रथिन धाग्यावर चढताना पाहायचं तर लेझर लावताच द्रवाच्या प्रवाहात ताणलेला डीएनए तुटतो. बिचाऱ्या प्रथिनाला दोष देऊ नका, बहुधा डीएनए चमकवणारा योयो-१ रंग कारणीभूत आहे. उजेडात त्यातून ऑक्सिजनचे रॅडिकल (अतिक्रियाशील कण) तयार होतात आणि धागे कापतात. ऑक्सिजन काढून टाकणारी ग्लुकोज ऑक्सिडेज-कॅटलेज ही विकरं घालाच, पण आयत्या वेळी. त्यातून ग्लुकॉनिक आम्ल साठत जातं आणि पीएच घसरतो. त्यात एप्रिलमधली सांगली! २५ अंशांना ७.५ पीएचचा ट्रिस (पीएच टिकवणारा बफर) ३८ अंशांना ७.१ वर येतो.

खरं तर रंगच टाळा, तो डीएनए लांबवतो आणि रॅड५१ला अडवतो. मोकळ्या टोकाला क्वांटम डॉट (चमकणारा सूक्ष्म कण) लावून लांबी मोजा. ४८,५०२ बेस जोड्यांचा धागा सुमारे १६.५ मायक्रोमीटर, रॅड५१ पूर्ण बसलं की दीडपट. प्रवाह मात्र बदलू नका, त्यानेही लांबी बदलते.