घरी जाऊन स्मृतिभ्रंशाची चाचणी: शाळा न शिकलेल्या व्यक्तीचे गुण कसे वाचायचे?

प्रश्न: ७८ वर्षांच्या बाई, अक्षरओळख नाही. मोका चाचणीत (स्मरणशक्ती, लक्ष, भाषा वगैरे तपासणारी छोटी चाचणी) ३० पैकी १३. मुलगा म्हणतो, विसरभोळेपणा वर्षभरात वाढलाय. अहवालात काय लिहू?

उत्तर १: त्या १३ वर निदान टेकवू नका. घड्याळ काढणे, घन उतरवणे, अक्षरावर टाळी वाजवणे, हे सगळं शाळेत कमावलेलं कौशल्य आहे. कमी शिक्षणासाठी मिळणारा एक जादा गुण इथे फारच अपुरा पडतो. निरक्षरांसाठी मोका-बेसिक वेगळी आहे, ती वापरा. सोबत मुलाकडून १६ प्रश्नांची आयक्यूकोड (जवळच्या माणसाने भरायची प्रश्नावली) भरून घ्या. त्यात दहा वर्षांपूर्वीच्या त्याच व्यक्तीशी तुलना असते, म्हणून शिक्षणाचा परिणाम बराच कमी होतो. पैसे मोजणं, औषधं घेणं, स्वयंपाकाचा क्रम यांतलं आधी काय सुटलं तेही विचारा.

उत्तर २: त्याआधी ऐकू येतं का ते बघा! शब्द नीट ऐकूच आले नाहीत तर आठवणार कुठून? टीव्ही बंद, चष्मा डोळ्यावर, आणि मुलगा दुसऱ्या खोलीत, नाहीतर उत्तरं तोच देतो.

उत्तर ३: बिघाड काही तासांत-दिवसांत झाला असेल आणि लक्ष कमी-जास्त होत असेल, तर डेलिरियम (अचानक उद्भवणारा मानसिक गोंधळ) समजून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. वार उलटे म्हणायला सांगा, लक्ष किती टिकतं ते कळतं. नैराश्य तपासायला कॉर्नेल मापन (स्मृतिभ्रंश असलेल्यांमधलं नैराश्य मोजणारी प्रश्नावली) बरं. त्यात काळजीवाहकाचीही मुलाखत असते. बी-१२ आणि थायरॉइडचे रिपोर्ट नसतील तर मागवा.

प्रश्नकर्ता: आयक्यूकोड मुलाऐवजी सुनेकडून घेतली तर चालेल?

उत्तर १: रोज सोबत राहणारी व्यक्ती हवी, आणि तिने दहा वर्षांपूर्वीही त्यांना जवळून पाहिलेलं हवं. काळजीवाहक स्वतः थकलेली किंवा खचलेली असेल तर गुण फुगतात, म्हणजे बिघाड आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. तीही चौकशी करा.