रजा संपतेय, साहेबांशी काय बोलू?

नाशिकची आई: 26 आठवड्यांची प्रसूती रजा संपत आली. साहेब समजूतदार आहेत, पण नेमकं काय मागू?

सांगलीची ताई: आधी पाळणाघराचं विचार. प्रसूती लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीपासून कंपनीत 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर ते हवंच, आणि दिवसातून चारदा बाळाकडे जाता येतं. घरून कामाचंही कलम आहे, पण ते दोघांच्या संमतीवर. तिथे साहेबांची तयारी लागते. माझ्या मॅडमनी संध्याकाळच्या मीटिंगा सकाळी घेतल्या, टीमला कारणही स्वतःच सांगितलं. मला कुणापुढे स्पष्टीकरण द्यावं लागलं नाही. फार मोठा आधार होता तो.

पुण्याचा बाबा: नवऱ्यालाही त्याच्या साहेबांशी बोलू दे. आमच्याकडे लसीकरणाला मीच नेतो.

नाशिकची आई: चारदा जाता येतं हे माहीतच नव्हतं, ताई! उद्याच विचारते.