मदत हवी आहे: टाकीवरच्या एका वायरलेस इंटरनेट रेडिओवर आठ घरं, संध्याकाळी सगळ्यांचाच स्पीड बसतो

ऊसपट्टा:
पलूस तालुक्यात वस्तीवरची आठ घरं एकाच फायबर कनेक्शनवर आहेत, प्लॅन १०० एमबीपीएसचा. १५ मीटर उंच पाण्याच्या टाकीवर ५.८ गिगाहर्ट्झचा सेक्टर अँटेना (रुंद भागात सिग्नल फेकणारा), चॅनल ४० मेगाहर्ट्झ, घरोघरी छोटी डिश. सात घरांचा सिग्नल उणे ५२ ते उणे ६५ डीबीएम (शून्याच्या जितका जवळ तितका चांगला). आठवं घर २ किलोमीटरवर, शेडवर ४ मीटरला डिश, सिग्नल उणे ८६. उन्हाळ्यात तिथंच उणे ६७ होता.

दुपारी ६०-७० एमबीपीएस मिळतात. सातनंतर टाकीशेजारच्या घरालाही ४-५ च्या वर जात नाही, पिंग (उत्तर परत यायला लागणारा वेळ) ३०० मिलिसेकंदांच्या पुढे. त्याच वेळी फायबरला लॅपटॉप थेट लावला तर ९५ येतात. चॅनल ८० केला तर सुटेल का? की दुसरा रेडिओ घ्यावा?

लहरी:
दादा, आठ घरं म्हणजे काहीच नाही. पैसे खर्चू नका आणि ८० तर अजिबात करू नका. चॅनल दुप्पट केला की नॉइज (सिग्नलमागचा नको असलेला गोंगाट) ३ डेसिबलने वाढतो आणि उणे ८६ वाल्याकडे गमवायला तेवढंही शिल्लक नाही.

एका चॅनलवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं. म्हणजे तुमची घरं स्पीड वाटून घेत नाहीत, वेळ वाटून घेतात. १५०० बाइटचं पॅकेट १३५ एमबीपीएसच्या रेटनं हवेत ८९ मायक्रोसेकंद राहतं. तेच १३.५ च्या रेटनं ८८९. साधं वायफाय प्रत्येकाला बोलायची संधी सारखी देतं, वेळ सारखा देत नाही. त्यामुळे लांबच्या घरानं एक पॅकेट टाकलं की जवळच्याची दहा पॅकेटं खोळंबतात. त्यात कमजोर सिग्नलवर पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवावं लागतं, ते वेगळंच.

खात्री करायची तर आज संध्याकाळी आठव्या घराची डिश अर्धा तास बंद ठेवा आणि बाकीच्यांचा स्पीड मोजा.

तारकंपास:
१९ डेसिबल उगीच जात नाहीत. मध्ये काय उभं आहे?

ऊसपट्टा:
डिश बंद केली तर बाकीच्यांना ३५-४० आले. त्या घरासमोर २०० मीटरपर्यंत आडसाली ऊस आहे, आता साडेतीन मीटर झालाय.

तारकंपास:
मग तोच. लोक नेहमी लिंकचा, म्हणजे टाकी ते डिश या सरळ रेषेचा, मध्य बघतात. तुमचा मध्य साडेनऊ मीटरवरून जातो, तिथं काही अडत नाही. अडतं घराजवळ. घरापासून २०० मीटरवर रेषेची उंची जेमतेम ५.१ मीटर. तिथं फ्रेनेल झोनची (रेषेभोवती लहरींना लागणाऱ्या जागेची) त्रिज्या साधारण ३ मीटर आणि त्यातला ६० टक्के भाग, म्हणजे १.८ मीटर, मोकळा हवा. ५.१ वजा १.८ म्हणजे ३.३. ऊस साडेतीन. नुसत्या डोळ्यांना टाकी स्वच्छ दिसते म्हणून फसगत होते. शिवाय पाला पाण्यानं भरलेला, तो ५.८ गिगाहर्ट्झ पिऊन टाकतो.

शेडवर दीड इंची जीआय पाइप घालून डिश ६ मीटरवर न्या. २०० मीटरवरची रेषा ६.९ वर जाईल, फ्रेनेल वजा करूनही ५ मीटर उरतात. तीन बाजूंनी ताण द्या. पाइप हलला की डिशचं तोंड फिरतं आणि वाऱ्याच्या दिवशी सिग्नल खालीवर होतो. उंची वाढवल्यावर डिश पुन्हा टाकीकडे जुळवून घ्या. (तोड झाली की स्पीड फुकटात परत येईल, पण तो कारखान्याच्या हातात!)

लहरी:
पाइप झाल्यावर चॅनल २० करून बघा. वरचा स्पीड निम्मा होईल, पण आसपासच्या रेडिओंचा त्रास कमी. दुपारचे ६०-७० टिकवायचे असतील तर मात्र ४० च ठेवा.

स्लॉट_नंबर_आठ:
आठवं घर बंद असतानाही ३५-४० च, म्हणजे दुपारच्या निम्मे. तेव्हा दुसरं दुखणंही असणार. सगळ्या डिशची तोंडं टाकीकडे, त्यामुळे एका घराला दुसऱ्याचं बोलणं ऐकूच येत नाही. हवा मोकळी समजून दोघं एकदम पाठवतात आणि टाकीवर दोन्ही पॅकेटं मरतात.

तपासायला दोन वेगवेगळ्या दिशांच्या घरांत आधी एकेकट्यानं अपलोड चालवा, मग एकदम. दोघांची बेरीज एकट्याच्या आकड्यापेक्षा बरीच खाली आली तर रोग हाच. तात्पुरता उपाय म्हणजे घरच्या डिशवर आरटीएस थ्रेशोल्ड (किती बाइटपेक्षा मोठ्या पॅकेटला आधी परवानगी मागायची ती सेटिंग) २३४७ वरून ५०० वर आणा. मग डिश आधी परवानगी मागते आणि टाकीचा होकार सगळ्यांना ऐकू जातो. खरा उपाय टीडीएमए, म्हणजे वेळ वाटून देणारा मोड. त्यात टाकी प्रत्येकाला पाळी देते, मध्येच कोणी बोलत नाही. पण टाकी आणि आठही डिश त्याच कंपनीच्या, तोच मोड चालवणाऱ्या हव्यात. आधी आठही डिशचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) आणि मोड बदला, टाकीचा सगळ्यात शेवटी. उलट केलंत तर सगळी घरं तुटतील आणि प्रत्येक शेडवर शिडी लावावी लागेल. आणि अंतराची सेटिंग लांबच्या घरापेक्षा थोडी जास्त, २.५ किलोमीटर ठेवा. कमी ठेवली तर पोच यायच्या आत रेडिओ पॅकेट हरवलं समजतो.

ऊसपट्टा:
मोबाइल टॉवरवर शेकडो लोक असतात, मग तिथं असं का होत नाही?

स्लॉट_नंबर_आठ:
होतं की, जत्रेत बघा. फरक एवढाच की तिथं फोन विचारल्याशिवाय डेटा पाठवत नाही. टूजीमध्ये २०० किलोहर्ट्झच्या एका पट्टीत ८ टाइमस्लॉट. थ्रीजीत सगळे एकदम बोलतात, कोड वेगळे, आणि जवळच्याचा आवाज लांबच्याला दाबू नये म्हणून पॉवर सेकंदाला १५०० वेळा कमीजास्त होते. फोरजीत २० मेगाहर्ट्झमध्ये १८० किलोहर्ट्झचे १०० ब्लॉक आणि कुठला कोणाला हे टॉवर दर मिलिसेकंदाला ठरवतो. कमजोर सिग्नलवाला तिथंही जास्त ब्लॉक खातो, फक्त किती खाऊ द्यायचे ते टॉवरच्या हातात असतं.