ऱ्हाईनकाठच्या किल्ल्यात मुक्काम: आईला घेऊन जमेल का?

प्रश्न: सायलीची_आई

मे महिन्यात आम्ही जर्मनीत फिरणार आहोत. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि माझी आई. लेकीला किल्ल्यांचं भयंकर वेड, एक रात्र तरी खऱ्या किल्ल्यात झोपायचंच म्हणून हटून बसली आहे. बाखराख गावाच्या डोक्यावरचा श्टालेक किल्ला युथ हॉस्टेल म्हणून चालतो असं वाचलं. आईचे गुडघे दुखतात, चढण आणि जिने झेपतील का? शिवाय काही जण म्हणतात की तो किल्ला नवा बांधलेला आहे. मग जाण्यात अर्थ आहे का?

प्रतिसाद: नदीकाठी

जरूर जा. मी याच भागात राहतो आणि घरी आलेल्या पाहुण्यांना श्टालेकला मुक्कामाला नेतोच.

आधी आईंचं बघू. गावातून सेंट पीटर चर्चच्या बाजूने पायऱ्यांची वाट निघते आणि वेर्नर चॅपलच्या लाल दगडांच्या सांगाड्यावरून वर जाते. धडधाकट माणसाला पाव तास लागतो. आईंना त्या वाटेने अजिबात नेऊ नका. मागच्या बाजूने गाडीरस्ता आहे, स्टेशनवरून टॅक्सी करा आणि सामानही त्यातच टाका. तुम्ही लेकीला घेऊन पायऱ्यांनी चढा, तिला ती वाट फार आवडेल. खोली ठरवताना "खालच्या मजल्यावरची, कमीत कमी पायऱ्यांची" असं लेखी कळवा. बुरुजातली खोली फोटोत छान दिसते, पण रात्री बाथरूमला उठणाऱ्या माणसासाठी ती नव्हे.

आता खरा-खोटा. मूळ किल्ला बाराव्या शतकातला. 1689 मध्ये फ्रेंच सैन्याने तो सुरुंगाने उडवला, आणि उडालेल्या दगडांनी खालच्या चॅपलचीही मोडतोड झाली. पुढे दोनशेहून जास्त वर्षं नुसते अवशेष होते. 1920 च्या दशकात जुन्या पायावर पुन्हा बांधकाम झालं ते युथ हॉस्टेल करायचं म्हणूनच, आणि मधला बुरूज तर 1960 च्या दशकात उभा राहिला. म्हणजे तुम्ही झोपाल त्या भिंती शंभरेक वर्षांच्या. मला यात काहीही कमीपणा वाटत नाही. जर्मनीतल्याच वेस्टफालिया भागातल्या आल्टेना किल्ल्यात रिखार्ट शिरमान नावाच्या शाळामास्तरांनी पहिल्या महायुद्धाच्या आधीच जगातलं पहिलं कायमचं युथ हॉस्टेल सुरू केलं. सरदारांच्या जागेत साध्या घरची पोरं झोपू लागली. श्टालेक त्याच परंपरेतला आहे, आणि मला ही गोष्ट तटबंदीच्या वयापेक्षा मोठी वाटते.

खरी मजा संध्याकाळी. दिवसा वर येणारे लोक उतरून गेले की अंगणाच्या कठड्यापाशी बसा. खाली नदी उत्तरेकडे वाहते. प्रवाहाविरुद्ध वर येणारे मालवाहू पडाव इतके सावकाश सरकतात की एकच पडाव दिसेनासा व्हायला बराच वेळ जातो, उतरणारे मात्र भरकन जातात. अंधार पडला की त्यांचे लाल-हिरवे दिवे लागतात. लेकीला कोणता पडाव येतोय आणि कोणता जातोय ते दिव्यांवरून ओळखायला लावा.

एक मात्र आहे: नदीच्या दोन्ही काठांनी रेल्वे आहे आणि मालगाड्या रात्रभर धावतात. दरीत आवाज घुमतो. आईंची झोप सावध असेल तर कानात घालायचे बोळे आणा.

प्रतिसाद: गडवेडा_मुलगा

इंग्लंडला कधी गेलात तर वेल्सच्या सीमेजवळचा सेंट ब्रायव्हल्स लक्षात ठेवा. तोही हॉस्टेल आहे, पण वास्तू अस्सल मध्ययुगीन. इंग्लंडचा मध्ययुगीन राजा जॉन शिकारीला यायचा. पुढे तिथे तुरुंग होता, आणि कैद्यांनी भिंतीत कोरलेली अक्षरं अजून वाचता येतात. तुमच्या लेकीला हेही सांगा: किल्ल्यांचे गोल जिने वर चढताना उजवीकडे वळतात, म्हणजे खालून येणाऱ्या शत्रूला तलवार चालवता येत नाही.

प्रतिसाद: नदीकाठी

जिन्याची ही गोष्ट गाइड सगळीकडे सांगतात, पण अनेक इतिहासकारांना ती पटत नाही. उलट वळणारे जिनेही बऱ्याच किल्ल्यांत आहेत. लेकीला गोष्ट म्हणून सांगा आणि प्रत्येक किल्ल्यात जिना कुठे वळतो ते तिलाच बघायला लावा. सेंट ब्रायव्हल्सबद्दल मात्र शंभर टक्के सहमत.

प्रतिसाद: सायलीची_आई

खूप आभार! आई टॅक्सीने आणि आम्ही पायऱ्यांनी, ठरलं. हॉस्टेलमध्ये अजून काही वेगळं असतं का?

प्रतिसाद: नदीकाठी

जर्मन युथ हॉस्टेलचं सभासदत्व लागतं, कुटुंबाचं एकच कार्ड घेता येतं. चादरी-अभ्रे मिळतात, पण ते पलंगावर आपणच घालायचे आणि सकाळी काढून जमा करायचे. नाश्ता भाड्यातच. रात्रीचं जेवण ठरलेल्या वेळेतच मिळतं, म्हणून शाकाहारी हवं असेल तर बुकिंग करतानाच सांगा आणि दिवसाउजेडी वर पोहोचा. आईंसाठी खालचा पलंग मागायला विसरू नका, बहुतेक खोल्यांत पलंग एकावर एक असतात.